औषध घेतलंय का

"चष्मा?" "न्हाई." "फिट वगैरे येते?" "न्हाई." "दारू?" "न्हाई." "औषध घेतलंय का?" मेरी सिस्टरने मान वर न करता विचारलं, आणि इंद्रजीत खुर्चीत ताठ झाला. तिला कुणी सांगितलं? शिरूरला त्याला ओळखणारं काळं कुत्रं नव्हतं. पाटसच्या अलीकडच्या वस्तीवरून तो सकाळी मोटरसायकलवर निघाला, चौफुला, न्हावरा करत इथवर आला, आणि या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात त्याला पाहणारी ही पहिलीच बाई. पन्नाशीची, पांढऱ्या कोटाच्या खिशाला निळ्या पेनाचा डाग पडलेली. आणि ती थेट तेच विचारत होती. त्याला ट्रकवर घेणाऱ्या रांजणगावच्या ट्रान्सपोर्टवाल्याने फोन केला असेल. गावातलं कुणी बोललं असेल. चेहऱ्यावर काही दिसत असेल, डॉक्टर लोकांना दिसतं म्हणतात. इतक्या झटक्यात विचारल्यावर खोटं बोलायला माणसाला निदान एक श्वास तरी लागतो, तो त्याला मिळाला नाही. "व्हय," तो म्हणाला. "कधी?" "तीन वर्सं झाली." सिस्टरचं पेन चालूच होतं. "कुठलं?" "उसाचं," तो म्हणाला.

पेन थांबलं. मागच्या बाकावर दोन बिहारी ड्रायव्हर मोबाइलवर काहीतरी बघत खिदळत होते, त्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. सिस्टरने मान वर केली. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे, आणि त्या दोघांना म्हणाली, "आप लोग बाहर बैठो. बुलाती हूँ." ते गेल्यावर तिने फॉर्म त्याच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं : गेल्या तीस दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याने अथवा सल्ल्याशिवाय घेतलेल्या औषधांचा तपशील. दिवसाला वीस ड्रायव्हर येतात, एवढं लांबलचक वाक्य कोण म्हणत बसणार, म्हणून तिने आपलं त्याचं 'औषध घेतलंय का' करून टाकलं होतं. "मी गोळ्याबिळ्यांचं विचारत होते, दादा," ती हळू म्हणाली. इंद्रजीतने ती ओळ दोनदा वाचली. आता काय बोंबलायचं! तीन वर्षं सगळ्या घराने दाताखाली धरून ठेवलेली गोष्ट त्याने एका परक्या बाईपुढे सांडून टाकली, तीही तिने विचारलेली नसताना. त्याला स्वतःचा इतका राग आला की हसूच आलं.

पण चूक तरी त्याची कशी म्हणायची? औषध हा शब्दच त्याच्या घरातून हद्दपार झाला होता. उसावर मारायचं असलं तर त्याचे वडील, आबा, म्हणायचे, 'फवारा आणलाय.' आईच्या गुडघ्याचं ते 'तेल', धाकट्या भावाच्या पोरीच्या तापाचं ते 'पातळ', आणि इंद्रजीतच्या रात्रीच्या अर्ध्या गोळीला तर नावच नव्हतं. आई, सोजराबाई, पाण्याचा तांब्या ठेवताना म्हणायची, 'तुझं त्ये घेतलं का?' नळ टपकत असावा तसा तो शब्द घरात कुठेतरी सारखा होता, आणि सगळे तो ऐकू येत नसल्यासारखे वागत होते. त्या भागात औषध घेतलं म्हणजे एकच. अमक्याच्या सुनेनं औषध घेतलं, तमक्याच्या पोरानं औषध घेतलं. ताप आल्यावर घेतात त्याला गोळी म्हणतात. हे शिरूरच्या बाईला कळू नये? कळत होतं की. कळलं म्हणूनच तर तिचं पेन थांबलं होतं.

त्या वेळी दवाखान्यातून घरी आणल्यावर आबांनी, म्हणजे हौसरावांनी, ओसरीवर बसून सगळ्यांना एकच सांगितलं होतं, की बाधा झाली. खाण्यातून बाधा. लोक शहाळी घेऊन आले, बिस्किटांचे पुडे घेऊन आले. एक बानूबाई म्हणून म्हातारी होती, ती तर पार खोलात शिरली. 'बासुंदीची का रं? बासुंदी लई वंगाळ. माझ्या भावाला बासुंदीच बाधली व्हती.' इंद्रजीत म्हणाला, व्हय, बासुंदीच. मग पुढे दोन वर्षं लग्नाकार्यात त्याच्या पानात कुणी बासुंदी वाढली नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, आणि गावाला सगळं ठाऊक आहे हे घरालाही ठाऊक होतं. पण एकदा बासुंदी म्हटल्यावर बासुंदी. हौसरावांचा शब्द गावच्या विकास सोसायटीत चालायचा, तो याही बाबतीत चालला. फवाऱ्याच्या शेडला कुलूप लागलं, त्याची किल्ली आबांच्या करगोट्याला गेली. न्हाणीत जरा वेळ लागला की आई दाराशी येऊन म्हणायची, 'झालं का रं?' विहिरीकडे निघाला की धाकटा संग्राम, कंपनीच्या बसला उशीर होत असतानासुद्धा, 'चल, मी पण येतो' म्हणायचा. सगळे त्याच्यावर नजर ठेवून होते. बघत मात्र कुणी नव्हतं. त्याला वाटायचं, एखाद्याने तरी थोबाडीत द्यावी, नाहीतर गळ्यात पडावं, शिव्या घालाव्यात. तर कुठलं काय! जेवताना 'कालवण वाढू का' यापलीकडे गाडी जायची नाही.

ट्रक त्याला म्हणूनच हवा होता. लोकांना वाटलं, पोरगं पैशाच्या मागं लागलं. आबांनाही वाटलं, की आपल्या घराण्यातला पोरगा ड्रायव्हर? कारखान्याच्या सीझनला दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर चालवणं वेगळं, तो आपला ऊस असतो. ट्रकवर जाणं म्हणजे गडी होणं. पण इंद्रजीतने एकदा पप्पूच्या ट्रकमध्ये बसून पार तमिळनाडूतल्या होसूरपर्यंत फेरी मारली होती. पप्पू शेजारच्या वस्तीवरचा, चार वर्षं रांजणगावच्या याच ट्रान्सपोर्टला गाडी चालवणारा, तोंडाने फाटका आणि मनाने बरा. त्या केबिनमध्ये उंचावर बसल्यावर इंद्रजीतला पहिल्यांदा छाती भरून हवा मिळाली. खालून माणसं, टपऱ्या, गावांच्या पाट्या मागे जात होत्या आणि त्यातल्या एकालाही तो कोण हे माहीत नव्हतं. घरात पाच माणसांत एकटं असणं हा गुन्हा होता, तिथे केबिनमध्ये एकटं असणं हे कामच होतं. त्याचा पगार मिळत होता! मग त्याने अवजड वाहनाचं लायसन काढलं, वर्ष गेलं त्यात, आणि पप्पूनेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवलं. आजची तपासणी पार पडली की सोमवारी गाडी मिळणार होती.

पप्पूला फक्त एवढंच माहीत होतं, की इंद्रजीत डोकं दुखतं म्हणून झोपेची अर्धी गोळी खातो. "आठ दिस बंद कर," पप्पूने सांगितलं होतं. "आता लघवीची पट्टी लावत्यात. नवा नियम हाय कंपन्यांचा, पट्टीत गावला त्यो गेला. निघालंच काय, तर सांगायचं आदल्या दिशी जरा मज्जा केली. पाया पडायचं. एकदा सोडत्यात." इंद्रजीतने त्याचं ऐकून, कुणालाही न विचारता गोळी बंद केली. त्याला आठवा दिवस आज. आठ दिवसांत डोळ्याला डोळा असा लागलाच नव्हता. हाताच्या बोटांत मुंग्या धावत होत्या, सकाळचं ऊन डोळ्यांत टोचत होतं. न्हावऱ्याच्या पुढे एक ट्रक समोरून आला तेव्हा तो आपल्या अंगावर येतोय की आपण त्याच्या, हे त्याला क्षणभर कळलंच नव्हतं. गाडी बाजूला घेऊन तो दहा मिनिटं बाभळीखाली बसला होता आणि त्याला भीती वाटली होती. मरणाची भीती वाटली याचं त्याला आश्चर्यही वाटलं होतं. बरं वाटलं होतं म्हणा ना. पण हे कुणाला सांगणार?

"गोळी चालू आहे का काही?" सिस्टरने विचारलं. आता ती एकेक शब्द सुटा करून विचारत होती. "खरं सांगा. मी पोलीस नाही." टेबलावर ट्रेमध्ये त्याच्या लघवीची डबी होती, वर चिकटपट्टी, तिच्यावर त्याचं नाव. फॉर्म भरून झाल्याशिवाय पट्टी बुडवायची नाही, असा तिथला रिवाज होता. इंद्रजीतने सांगितलं. दौंडला स्टेशनजवळ दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टर येतात, त्यांची गोळी. घरचे गावात सांगतात दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून. अर्धी रात्री, आणि एक सकाळची. आठ दिवस झाले बंद आहे. "कुणी बंद करायला सांगितलं?" "मीच केली." सिस्टर चरकली. "अहो, अशी एकदम बंद करतात का ही गोळी? वेड लागलंय का तुम्हाला?" एवढं बोलून तिने स्वतःच जीभ चावली, मग पेनाने कपाळ खाजवलं. "हे बघा. पट्टीत ही बहुतेक निघणार. आठ दिवसांनीसुद्धा निघते. आधी इथं लिहिलेलं असलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी असली, तर आमचे डॉक्टर तुमच्या डॉक्टरांशी बोलतात. ते दुसरी गोळी बघतील, गाडी चालवायला चालेल असं पत्र देतील, मग तीन महिन्यांनी पुन्हा या. सोमवारी गाडी नाही मिळायची. आणि पुढंही मिळेल असं मी सांगू शकत नाही. ही गोळी घेऊन ट्रक चालवू देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते." "आन् न्हाई लिवलं तर?" "तर नुसतं 'निघालं' म्हणून जाईल. नशा. मग कंपनी काय करायचं ते करेल." ती थांबली. "चिठ्ठीचा फोटो मागवा घरून. आणि ते मघाचं मी ऐकलं नाही. या फॉर्मवर तो प्रश्नच नाही."

तो जिन्यात आला. दोघे बिहारी ड्रायव्हर पायऱ्यांवर बसले होते, त्यांनी त्याला वाट दिली. फाईल आबांच्या कपाटात होती आणि तिच्या पहिल्याच पानावर, तारखेखाली, डॉक्टरांनी त्याची सगळी कुंडली दोन ओळींत मांडली होती. त्याने ती एकदाच, उलटी, टेबलाच्या या बाजूने वाचली होती. फोन हातात धरून तो उभा राहिला. म्हणजे आता दोन नावं त्याच्यापुढे होती आणि त्यातलं एक घेऊन घरी जायचं होतं. नशेडी, नाहीतर औषध घेतलेला. नशेडी म्हटलं तर पप्पू म्हणतो तसं पाया पडायचं, एक संधी मिळेलही, सोमवारी गाडी हातात येईलही, या मुंग्या येणाऱ्या हातांत. समोरून कुणीतरी मोटरसायकलवर येत असेल. त्याला न्हावऱ्याची बाभळ आठवली. आणि मग, का कोण जाणे, त्याला औषधाच्या आदल्या वर्षीची इंदापूरकडची बैठक आठवली. त्याला मुलगी बघायला गेले होते, अकरावी की बारावी जागा. मुलीच्या मामाने पोह्याची बशी हातात असतानाच आबांना बाजूला नेलं. थोरला शेती बघतो, धाकटा रांजणगावला पर्मनंट आहे, तर पोरीचं म्हणणं असं, की धाकटा. बशीतले पोहे संपायच्या आत ठरलंसुद्धा. आबा परत येऊन म्हणाले, 'घर चांगलं हाय, सोडाया नको,' आणि हे ते इंद्रजीतला नाही, त्याच्या डोक्यावरून संग्रामला म्हणाले. इंद्रजीतनेच मग साखर वाटली. त्याने लग्नात वरातीपुढे नाचूनही दाखवलं. ती मुलगी, अनुपमा, चांगली आहे, त्याला दादा म्हणते, त्याचे कपडे वाळत घालते. तिचा यात काही दोष नाही. कुणाचाच काही नव्हता, हेच तर अवघड होतं. दोष असता तर भांडला असता.

"आबा, मी बोलतोय. कुठं हाय?" "सोसायटीत. मिटिंग हाय. बोल." "माझी फाईल पाहिजे. पयल्या पानाचा फोटो काढून पाठवा." "कसली फाईल?" आबांना खरंच कळलं नव्हतं की काय देव जाणे. "दौंडच्या डाक्टरची." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आबा दाराकडे चालत आले असावेत, त्यांचा आवाज खाली आला. "कशाला? कुनी मागितली?" "हितं तपासनी हाय. माझी गोळी पट्टीत निघनार हाय. चिठ्ठी दावली न्हाई तर नशा केली म्हनून लिवतील." "मंग लिवू दे की!" "आबा—" "आरं, लिवू दे. सांग, गांजा वढला म्हून. गांजाला काय हुतंय? आख्खी पोरं वढत्यात. आज वढला, उद्या सोडला. त्यो पप्पू काय सोवळ्यातला हाय का? त्या ट्रान्सपोर्टवाल्याला मी वळखतो, एका फोनात मिटवतो. ही फाईल भाईर गेली तर मिटायची न्हाई. तुजं जाऊ दे, संग्रामच्या पोरीचा इचार कर. उद्या तिला जागा बघायला गेलं तर लोक काय म्हनतील?" संग्रामच्या पोरीला नुकते दात येत होते. इंद्रजीतने डोळे मिटले. आबा वाईट बोलत नव्हते. त्यांच्या परीने ते पोराला वाचवतच होते. गांजेकस पोराचा बाप म्हणून उभ्या गावात मान खाली घालायला ते तयार झाले होते, आणि हे त्यांच्यासारख्या माणसाला सोपं नव्हतं. हे सगळं इंद्रजीतला कळत होतं.

"आबा," तो म्हणाला, "तुमी मला कवा इचारलंच न्हाई." "काय इचारलं न्हाई?" "का घेतलं म्हनून." पलीकडून आबांचा श्वास येत होता, दम्याच्या माणसासारखा. मागे कुणीतरी म्हणत होतं, 'हितं सही राहिली,' कुणीतरी पेले आपटत होतं. इंद्रजीत थांबला. तो कितीही वेळ थांबायला तयार होता. "हॅलो?" आबा म्हणाले. "हॅलो? आवाज येईना तुजा. हॅलो?" "आबा, मला येतोय आवाज." "रेंज न्हाई हितं. तुटतंय. हॅलो?" आणि त्याच वेळी त्यांच्या मागून कुणीतरी स्वच्छ, खणखणीत विचारलं, "बिनसाखरेचा च्या कुनाचा?" मग फोन बंद झाला. इंद्रजीत बंद फोन कानाला लावून तसाच उभा राहिला, कारण तो खाली घेतला असता तर त्या बिहारी पोरांना त्याचा चेहरा दिसला असता. त्यांच्यातला एक उठून म्हणाला, "भैया, पानी?" त्याने नको म्हणून मान हलवली.

आत सिस्टर कुणाचं तरी ब्लडप्रेशर लिहून ठेवत होती. "आला फोटो?" "न्हाई. गुरुवारी मी सोता जातो दौंडला, डाक्टरांकडनं नवी चिठ्ठी आनतो. तुमी लिवा. गोळी हाय म्हनून लिवा." तिने लिहिलं. गोळीचं नाव विचारलं, स्पेलिंग त्याला येत नव्हतं, तिने अंदाजाने ओळखून लिहिलं आणि त्याला दाखवलं, हीच का म्हणून. हीच. "आजपासून परत सुरू करा, पण आधी त्या डॉक्टरांना फोन करून विचारा. नंबर आहे ना? इथूनच करा. आणि मोटरसायकल इथंच ठेवा, एसटीनं जा. असे हात घेऊन कुठं चालवताय." "बरं." "इथं सही." त्याने पेन घेतलं आणि सही केली नाही. "ते दुसरंबी लिवा, सिस्टर." "त्याची गरज नाही म्हटलं ना." "डाक्टर डाक्टरला इचारतीलच की. तवा ते सांगतीलच. मग माझ्या तोंडून सांगितलं असं ऱ्हाऊ द्या." सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. दाराबाहेरून एकाने डोकावलं, तिने त्याला हातानेच थांबवलं. मग रकान्याच्या खाली, जिथे छापलेलं काहीच नव्हतं, तिथे तिने एक ओळ लिहिली. साल विचारलं, महिना विचारला, किती दिवस ॲडमिट होतात विचारलं. तो सांगत गेला. बासुंदीशिवाय हे सांगता येतं, हे त्याला नवीन होतं. सोमवारची गाडी गेली होती, होसूर गेलं होतं, कदाचित कायमचं, आणि आता घरी जाऊन आबांच्या पुढ्यात जेवायला बसायचं होतं.

त्याने सही केली. सिस्टरने फॉर्म ओढून घेतला, पाकीट फोडून पट्टी डबीत बुडवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात पुढच्या माणसाला बोलावता आलं असतं, एरवी ती बोलवायची. तिने पेनाला टोपण लावलं.

"आणि का हो घेतलं होतं?" तिने विचारलं. ताप कधीपासून आहे, असं विचारावं तसं.

या प्रश्नाची उत्तरं इंद्रजीतने तीन वर्षं बाळगली होती. आबांसाठी एक होतं, आईसाठी वेगळं, संग्रामसाठी तर अख्खं भाषण होतं, ट्रॅक्टरवर बसून पाठ केलेलं. त्यातलं एकही आता त्याच्या तोंडात आलं नाही.

"तवा असं वाटलं व्हतं, सिस्टर," तो म्हणाला, "का मग तरी कुनी इचारंल." आणि तो रडायला लागला.